तिसरा क्लचही जळायला लागला. बोल कुणाला लावायचा?

गाडीचं दुखणं : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझ्याकडे २००७ ची पेट्रोल वॅगन आर आहे, अकराशे सीसीची. २०१९ मध्ये ओळखीतून घेतली तेव्हा ८२ हजार किलोमीटर झाले होते आणि क्लच कंपनीतून आलेलाच होता. लॉकडाउनमध्ये गाडी कितीतरी महिने अंगणात उभी राहिली, पावसातसुद्धा. २०२१ मध्ये ९१ हजारांवर क्लच बदलला. त्याचं वय झालं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवा सेट १४ हजार किलोमीटरमध्येच गेला, २०२३ मध्ये. त्यानंतरचा ११ हजारांत, गेल्या वर्षाअखेरीस. आता तिसरा सेट बसवून सात हजार झालेत आणि तुळजापूरचा घाट चढताना परत तोच जळका वास. दर वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट घेतला. केबल एकदाच बदलली, २०२१ मध्ये. इंजिनच्या मागच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, कुणी हात लावलेला नाही.

नवा सेट बसला की क्लच अगदी खाली, मॅटजवळ सुटतो आणि गिअर कडक पडतात. म्हणून मी केबल आवळून घेतो, मग बरं वाटतं. हल्ली पेडल जड झालंय. सोडल्यावर शेवटचं बोटभर ते आपोआप वर येत नाही, बुटाच्या टोकानं उचलावं लागतं. शेवटच्या वेळी गॅरेजमधून जुना सेट मागून घेतला, फोटो पाठवतो. प्लेट दोन्ही बाजूंनी सारखी झिजली आहे, रिव्हेट दिसतात, तेलाचा डाग नाही. प्रेशर प्लेटच्या मधल्या पाकळ्यांची टोकं चकचकीत होऊन त्यांना खाच पडली आहे. बेअरिंगचं तोंड निळं पडलंय.

गॅरेजवाले म्हणतात, गाडी ठीक आहे, चालवणाऱ्याचा पाय बघा. माझी मुलगी २०२४ च्या जूनपासून जुळे सोलापुरातून केगावला विद्यापीठात गाडी घेऊन जाते, त्यामुळे घरात सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. मी स्वतः क्लच फार जपतो. सात रस्त्याला सिग्नलवर पहिला गिअर टाकून पाय क्लचवर तयारच ठेवतो, म्हणजे सिग्नल सुटला की मागच्यांचा हॉर्न ऐकावा लागत नाही. आता चौथा सेट टाकू की गाडी काढू?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मालक, आधी लेकीला या खटल्यातून सोडवू. १४ हजारांत गेलेला सेट २०२३ चा. ती गाडी चालवायला लागली २०२४ च्या जूनपासून. तारखा तुमच्याच पत्रातल्या आहेत, घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

चालवणारा क्लच जाळू शकतो, हे खरं. चाक चिखलात रुतलं आणि माणूस अर्ध्या क्लचवर रेस करत बसला, तर एका दुपारीत नवी प्लेट संपते. पण तशी मेलेली प्लेट वेगळी दिसते. तिचं लायनर, म्हणजे वरचं घासणारं अस्तर, काळं पडून काचेसारखं गुळगुळीत होतं किंवा त्याचे तुकडे निघतात, फ्लायव्हीलवर निळे ठिपके उमटतात, आणि पाकळ्यांची टोकं मात्र बऱ्यापैकी शाबूत असतात, कारण बेअरिंगनं जास्तीचं काम केलेलं नसतं. तुमच्या फोटोत पाकळ्यांना खाच आहे आणि बेअरिंग निळं आहे. म्हणजे ते बेअरिंग पाकळ्यांवरून कधी उठलेलंच नाही. पाय पेडलवर असो वा नसो, ते टेकून फिरत राहिलं. तुम्ही जुना सेट मागून घेतलात हे फार चांगलं केलंत. शंभरातले नव्वद लोक तो गॅरेजच्या भंगारात सोडून येतात आणि मग मला विचारतात, क्लच का जातो. अहो, पुरावा तुम्हीच किलोवर विकून आलात की!

आता बेअरिंग टेकून का राहतं ते बघू. क्लचची प्लेट एका बाजूला फ्लायव्हील आणि दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. तो दाब देतं मधलं पाकळ्यांचं स्प्रिंग. पेडल दाबलं की केबल गिअरबॉक्सबाहेरचा दांडा, म्हणजे आर्म, ओढते, आर्मचा शाफ्ट फिरतो, आतला फोर्क बेअरिंगला पाकळ्यांवर ढकलतो, आणि प्लेट मोकळी होते. पाय उचलला की बेअरिंग मागे सरून पाकळ्यांपासून सुटं झालं पाहिजे. त्या सुटण्याची जागा म्हणजेच पेडलचा प्ले. तुमच्या जातीच्या गाडीत तो आर्मच्या टोकाशी दोन ते चार मिलीमीटर आणि पेडलवर साधारण १५ ते २५ मिलीमीटर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा.

इथं भल्याभल्यांची गल्लत होते. ब्रेकचं लायनर झिजलं की मधलं अंतर वाढत जातं, त्यामुळे लोकांना वाटतं क्लचचंही तसंच असणार. क्लचचं बरोबर उलटं आहे. प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि पाकळ्यांची टोकं बाहेर, बेअरिंगच्या अंगावर येतात. म्हणजे झीज होईल तसा प्ले आपोआप कमी होत जातो. आता तुम्ही काय करता? नव्या सेटला पहिल्याच दिवशी केबल आवळून प्ले जवळजवळ शून्यावर आणता. दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये प्लेट जराशी बसली की बेअरिंग पाकळ्यांवर टेकतं. आणखी जरा झिजली की ते पाकळ्या दाबायला लागतं, म्हणजे कुणीतरी चोवीस तास तुमच्या पेडलवर हलकासा पाय ठेवून बसल्यासारखं. स्प्रिंगचा दाब कमी पडला की प्लेट घसरते. घसरली की तापते, तापली की भराभर झिजते, आणि झिजली की दाब आणखी कमी. सुरुवात चढावर, वरच्या गिअरमध्ये होते, कारण भार तिथं सगळ्यात जास्त. म्हणून तुम्हाला वास घाटात आला, विजापूर रोडच्या सपाटीवर आला नाही.

मग केबल सैल केली की काम झालं का? नाही. तुम्ही केबल आवळता ते हौसेनं नाही. क्लच खरंच मॅटजवळ सुटतोय आणि गिअर खरंच कडक पडतायत. पूर्ण नवा सेट बसवून असं होत असेल, तर पेडलपासून बेअरिंगपर्यंतच्या वाटेत कुठंतरी चाल वाया जाते आहे. आणि पेडल शेवटचं बोटभर परत येत नाही, म्हणजे त्याच वाटेत काहीतरी अडकतंय. पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती बुटाच्या टोकाची आहे.

माझे वडील इथल्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते. एकाच जागी सूत वारंवार तुटायला लागलं की ते सुताला शिव्या घालत बसायचे नाहीत, मागाचा कुठला भाग त्याला घासतोय ते शोधायचे. तुम्ही तीनदा सूत बदललंत, आता माग बघू.

माझा संशय आर्मच्या शाफ्टवर आणि तो ज्या कड्यांत फिरतो त्या बुशवर आहे. हा शाफ्ट गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडातून, म्हणजे बेल हाउसिंगमधून आरपार जातो आणि बुशवर फिरतो. नव्या क्लच सेटच्या खोक्यात तो येत नाही, म्हणून सेट बदलताना त्याच्याकडे कुणी बघत नाही. गिअरबॉक्स खाली असतो तेव्हा फडक्यानं पुसला, चार थेंब तेल सोडलं, की झालं. तुमची गाडी महिनोन् महिने पावसात उभी होती. शाफ्टच्या वरच्या टोकाचं सील कडक झालेलं असेल तर पाणी सरळ बुशात उतरतं. आत गंज चढला की शाफ्ट जड फिरतो, पेडल जड होतं आणि आर्म पूर्ण परत येत नाही. बुश एका अंगानं खाल्ला गेला की शाफ्ट आधी कलतो आणि मग फिरतो. तुमची अर्धी चाल त्या कलण्यात जाते आणि क्लच मॅटजवळ सुटतो. दोन्ही तक्रारींना हा एकच तुकडा पुरतो, आणि दुखणं गाडी उभी राहिल्यानंतरच सुरू झालंय. तरी मी सोलापुरात बसून पत्रावरून सांगतोय म्हणून हा संशय खरा होत नाही. तपासणी अगदी साधी आहे, आणि तिला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

इंजिन बंद, गाडी थंड. केबल गिअरबॉक्सच्या अंगाला येऊन आर्मला जिथं अडकते, तिथला नट सैल करून केबल सोडवा. नट किती आटे बाहेर होता ते आधी फोटो काढून ठेवा. आता आर्म हातानं हलवा. चांगल्या गाडीत तो आधी जरासा फुकट, दोन बोटांनी हलतो आणि मग बेअरिंग पाकळ्यांना लागल्यावर एकदम भिंतीसारखा थांबतो. सोडला की परत जातो. तुमचा आर्म सुरुवातीपासूनच जड असेल, करकरत असेल किंवा नेला तिथंच राहत असेल, तर चोर सापडला. त्याच वेळी शाफ्टचं बाहेरचं टोक धरून आडवं हलवून बघा. बाजूला डुगडुगलं तर बुश गेला.

आर्म मोकळा निघाला तर मोर्चा केबलकडे. सुटी केबल दोन्ही टोकांनी ओढून बघा. मऊ, एकसारखी सरकली पाहिजे. कुठं तीव्र वळण आहे का, टोकाशी तारा फुटल्यात का, बाहेरचं कवच कुठं वितळलंय का, तेही बघा. २०२१ ची केबल संपलेली असू शकते. जुन्या केबलमध्ये पिचकारीनं ग्रीस भरून घेऊ नका, आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, ग्रीसवर धूळ बसून ती आणखी जड होते. नवी टाका. आणि आर्म, केबल दोन्ही मोकळे असतील तर डोकं खाली घालून पेडलच्या वर बघा. तिथं पेडलच्या पिनचा बुश आणि परत ओढणारं स्प्रिंग असतं. गॅरेजमध्ये ही जागा सगळ्यात शेवटी आठवते, कारण तिथं वाकून बघायला पाठ दुखते.

आता चालू सेट मेलाय की वाचेल, ते ठरवायचं. सकाळी लवकर, मोकळ्या सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी त्याच वेगानं रेंगाळली, तर प्लेट घसरतेय. टॅकोमीटर नसला तरी कानाला लगेच कळतं. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही जुनी चाचणीही आहे. ती एकदाच करा, माणसं समोरून बाजूला करून. गावभर मित्रांना दाखवत बसलात तर त्यातच प्लेट जाईल. प्लेट घसरत नसेल आणि वास फक्त घाटात येत असेल, तर आर्म मोकळा करून, प्ले नीट लावून हा सेट अजून चालू शकतो. घसरत असेल तर चौथा सेट लागणार. पण या वेळी गिअरबॉक्स खाली आला की काय करून घ्यायचं ते कागदावर लिहून न्या आणि समोर उभे राहा.

शाफ्ट बाहेर काढून दोन्ही बुश नवे, वरचं सील नवं. शाफ्टवर बुशच्या जागी खड्डे पडले असतील तर शाफ्टही नवा, गंजक्या शाफ्टवर नवा बुश टिकत नाही. बेअरिंग ज्या नळीवरून पुढंमागं सरकतं ती नळी बोटानं तपासा. तिला पायरी पडली असेल तर नवं बेअरिंगही तिथं तिरकं होऊन अडकणार. ग्रीस जास्त तापमान सोसणारं, आणि फक्त पुसटसा हात. प्लेट ज्यावर बसते त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दातांवर ग्रीसचा लोंदा लावणारे हात मी बघितलेत. पहिल्याच दिवशी तो उडून प्लेटवर बसतो आणि गाडी थरथरायला लागते. इंजिनच्या मागचं ऑईल सील या निमित्तानं बघून घ्या. तुमच्या प्लेटवर तेल नव्हतं, म्हणून घाई नाही, पण दीड तप जुन्या गाडीत ते बदलायची सोय अशी वारंवार येत नाही.

फ्लायव्हील मात्र सोडू नका. तीन प्लेटा ज्यावर घासून तापल्या, तो पृष्ठभाग आरशासारखा झाला असणार. त्यावर चौथी प्लेट नीट बसायची नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ग्राइंडिंगवाले आहेत, त्यांच्याकडून कमीत कमी थर घासून घ्या. निळे ठिपके खोल गेलेले असतील किंवा बारीक चिरा दिसल्या तर ते फ्लायव्हील टाकून द्यायचं, घासत बसायचं नाही.

सगळं बसल्यावर प्ले पुस्तकाप्रमाणे. क्लच जरा खाली सुटला तरी चालेल, चार दिवसांत पायाला सवय होते. शाफ्ट आणि बुश नवे असतील तर तो मॅटजवळ सुटणारच नाही म्हणा. पहिले पाचशे किलोमीटर घाट आणि भरलेली गाडी टाळा. हजार किलोमीटर झाले की प्ले परत मोजा, कारण नवी प्लेट सुरुवातीला बसते आणि प्ले खाते. नंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला दोन मिनिटांचं काम. कमी झालेला दिसला तर केबल सैल करायची. हो, सैल. मिस्त्री आवळायला लागला तर हात धरा.

आता तुमच्या पायाबद्दल. राग मानू नका, पण क्लच जपणारा माणूस सिग्नलला पहिला गिअर टाकून पाय पेडलवर ठेवून बसत नाही. पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर प्लेट वाचते, पण बेअरिंग आणि पाकळ्या तेवढा वेळ पूर्ण दाबाखाली फिरत राहतात. आणि पाय जरा ढिला पडला, गाडी पुढं पुढं सरकायला लागली, की प्लेटही जळते. सात रस्त्याला सिग्नल लागला की न्यूट्रल करा आणि पाय खाली मॅटवर ठेवा. मागच्याला वाजवू दे हॉर्न. गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वर मंदिराकडे जाताना गाडी इंचाइंचानं सरकते. तिथं पुढच्या गाडीमागं लगेच सरकायची सवय सोडा. दहा-बारा फूट मोकळे होऊ द्या, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून तेवढं अंतर कापा, थांबा. तुळजापूरच्या चढावर एसटीमागं अडकलात तर गाडी क्लचवर तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा. निघताना क्लच धरायला लागला की हँडब्रेक सोडा.

लेकीला एकच विचारा, स्पीडब्रेकरवर गाडी जवळजवळ थांबल्यावर ती दुसऱ्या गिअरवरच उचलते का? केगावला जाणाऱ्या पोरापोरींत ही सवय मी बघतो. दुसऱ्या गिअरवर निघताना क्लच पूर्ण धरेपर्यंत गाडीला पहिल्याच्या पावणेदोन-दोन पट वेग गाठावा लागतो आणि प्लेटमध्ये जिरणारी उष्णता तिपटीच्या घरात जाते. तेवढं सुधारलं की तिच्याकडे बोट दाखवायचं कारण उरत नाही. मुळात ते कधी नव्हतंच.

गाडी काढू नका. १२३ हजारांवरचं ते इंजिन नीट सांभाळलेलं असेल तर अजून बरंच चालेल, आणि बुश-सीलचा खर्च क्लचच्या एका सेटपुढं किरकोळ आहे. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची, ती तुम्ही तीनदा भरलीच आहे.

प्रश्न : माझी जुनी डिझेल गाडी आहे, क्लच तेलावरचा, म्हणजे हायड्रॉलिक. दोन प्लेटा लवकर गेल्या. सकाळी गाडी छान ओढते. एप्रिल-मेच्या उन्हात तासभर चालवली की घसरायला लागते. झाडाखाली थांबवून गार केली की परत ठीक. केबलच नाही, तर आवळलं काय असेल?
एक वाचक, बार्शी

उत्तर : गार असताना ठीक आणि तापल्यावर घसरते, हे ऐकल्यावर मी प्लेटकडे बघायच्याही आधी वरच्या मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलनं तेल ढकलणाऱ्या सिलिंडरकडे, जातो. पाय उचलल्यावर नळीतलं तेल एका बारीक भोकातून वरच्या डबीत परत गेलं पाहिजे. ते भोक बंद राहिलं तर तेल नळीत कोंडतं. इंजिनच्या आणि उन्हाच्या तापानं ते फुगतं आणि कुणी पेडलला हात न लावता क्लच थोडा दाबलेला राहतो. थंड झालं की आकसतं, म्हणून झाडाखाली आजार बरा होतो.

पुढच्या वेळी घसरायला लागली की सुरक्षित जागी थांबवा आणि खालच्या, फोर्कला ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा हवा काढायचा निपल अर्धा फेरा सोडा. आजूबाजूला सगळं तापलेलं असतं, हात जपा. तेलाची चिळकांडी उडाली आणि निपल बंद केल्यावर गाडी लगेच ओढायला लागली, तर दोष मास्टर सिलिंडरचा, त्याच्या पुशरॉडचा (पेडलपासून पिस्टनला ढकलणाऱ्या दांडीचा) किंवा आतून फुगून बंद झालेल्या लाइनच्या रबरी नळीचा. पुशरॉडला पेडलशी थोडा मोकळेपणा हवा. कुणी तो नट फिरवून संपवला असेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि भोक झाकलेलंच राहतं. निपल सोडूनही काहीच फरक पडला नाही, तर फोर्क अडकतोय का, ते बघा.

आणि डबीत काय ओतलंय ते विचारा. तिथं डॉट ३ किंवा डॉट ४ हे ब्रेकचं तेल लागतं, झाकणावर लिहिलेलं असतं. हायवेवर तेल कमी दिसलं म्हणून कुणी इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंगचं तेल ओतलं असेल, तर आतली सगळी रबरं फुगलेली असतील. मग नुसतं तेल बदलून भागत नाही. मास्टर, स्लेव्ह दोन्हींचं किट आणि नळीही नवी घ्यावी लागते. ब्रेकची डबी त्याच तेलावर असेल तर आधी ब्रेक तपासा, क्लच नंतर.

प्रश्न : प्लेट बदलून दोन महिने झाले. पहिल्या गिअरवर निघताना गाडी थरथरते, रिव्हर्सला तर जास्तच. गॅरेजवाला म्हणतो, प्लेट परत बदलू.
एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : थांबवा त्याला. आधी इंजिनची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं त्या रबरी बैठका. सपाट जागी गाडी सुरू करा, ब्रेक पक्का दाबा, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा धरेपर्यंतच सोडा आणि लगेच दाबा. मग तेच रिव्हर्सला. एकजण बाजूला उभा राहून इंजिन बघेल, समोर किंवा मागे कुणी नको. इंजिन एका अंगाला उडी मारत असेल तर माउंटिंगचं रबर फाटलंय. तुमची थरथर रिव्हर्सला जास्त आहे म्हणून माझा कौल तिकडेच. माउंटिंग चांगली निघाली तर मात्र प्लेटवर तेल किंवा ग्रीस आलं असेल, नाहीतर फ्लायव्हील न घासता प्लेट बसवली असेल. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार वेळा थरथरून नंतर जात असेल, तर ती रात्रीची ओल असते. तिच्यासाठी पैसे खर्चू नका.

प्रश्न : मुलगा पुण्याला असतो, त्याची गाडी चार महिने दारात उभी होती. आता सुरू होते, पण क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, नुसती करकर. क्लच गेला का?
एक वाचक भगिनी, पंढरपूर

उत्तर : ताई, बहुतेक गेला नाही, चिकटला आहे. ओलाव्यानं प्लेट फ्लायव्हीलला गंजून बसते. आधी पेडल नेहमीसारखं जड लागतंय आणि केबल तुटलेली नाही एवढं बघून घ्या.

मग मुलगा आला की त्याच्याकडूनच करून घ्या. इंजिन न्यूट्रलमध्ये पंधरा-वीस मिनिटं तापवायचं आणि बंद करायचं. गाडी मोकळ्या मैदानात, समोर भरपूर जागा. बंद गाडीला दुसरा गिअर टाकायचा, क्लच पूर्ण दाबायचा आणि स्टार्टर मारायचा. गाडी उसळून चालायला लागेल, तेव्हा आधीच तयार राहायचं. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यानं दाबायचा-सोडायचा, मधूनमधून ब्रेक. बऱ्याच वेळा दोन-चार झटक्यांत खट् आवाज येऊन प्लेट सुटते. सुटल्यावर पहिले काही किलोमीटर थोडी थरथर राहील, ती आपोआप जाईल. दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही तर स्टार्टर आणि बॅटरीचे हाल करू नका, गाडी ओढून गॅरेजला न्या. आणि यापुढं कुणीतरी पंधरवड्यातून एकदा ती गाडी चंद्रभागेच्या वाळवंटाकडं एक चक्कर मारून आणा.